कॉलिन चॅपमन : मोटारीचा कल आणि माणसाचा तोल

सोलापुराहून तुळजापुराकडे येताना मोटारीत बसून घाट चढला नाही, असा मनुष्य आमच्या जिल्ह्यात विरळाच. वळण आले की उतारू एका बाजूस कलतात, वर ठेवलेली गाठोडी सरकतात, आणि लहान मूल आईचा पदर घट्ट धरते. गाडी वळते उजवीकडे, अंग मात्र जाते डावीकडे. ह्यात चमत्कार काही नाही. चालत असलेली प्रत्येक वस्तू सरळ जाऊ पाहते. चाके रस्त्यास धरून वळतात; पण वरचा सांगाडा स्प्रिंगांवर बसवलेला असल्यामुळे तो वळणाच्या बाहेरच्या अंगास झुकतो. ह्या झुकण्यास आम्ही ह्या लेखात गाडीचा कल म्हणू.

कलाचे मर्म आमच्या शेतकऱ्यांस पुस्तकावाचून ठाऊक आहे. कडब्याच्या पेंढ्या उंच रचलेली बैलगाडी उताराच्या वाटेवर किती जपून न्यावी लागते, हे ज्याने पाहिले त्यास पुढील दोन गोष्टी पटवून द्याव्या लागणार नाहीत. ओझे जितके उंच तितका धोका अधिक, आणि दोन चाकांमधील अंतर जितके कमी तितका धोका अधिक. आमच्या वाचकांच्या वडीलधाऱ्यांना येडशीवरून लातुराकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. तिचे रूळ अवघे अडीच फूट अंतराचे, आणि डबा त्याहून कितीतरी रुंद. २००७ व २००८ ह्या वर्षांत ह्या भागातून मोठ्या रुळांची गाडी सुरू झाली आणि ती छोटी गाडी आठवणीत गेली. पण अरुंद पायावर रुंद सांगाडा उभा करणे म्हणजे काय, हे दाखविण्यास तिच्याइतके घरचे उदाहरण दुसरे नाही.

हाच प्रश्न एका जुन्या, स्वस्त, अरुंद मोटारीच्या रूपाने एका विद्यार्थ्यापुढे उभा राहिला, आणि तो सोडविता सोडविता तो जगातील नामांकित यंत्रशास्त्रज्ञांत गणला गेला. त्याचे चरित्र आज आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो. त्यात अनुकरणीय पुष्कळ आहे. सावध करणारेही आहे, आणि तेही आम्ही झाकून ठेवणार नाही.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन ह्याचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडात लंडनजवळील रिचमंड येथे झाला. त्याचा बाप उत्तर लंडनच्या हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल नावाचे उपाहारगृह चालवीत असे. मुलाने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्यशास्त्राचा, म्हणजे पूल व इमारती बांधण्याच्या विद्येचा, अभ्यास आरंभिला. त्याच काळात विद्यापीठाच्या हवाई पथकात जाऊन तो विमान चालविण्यासही शिकला. ह्या दोन्ही विद्यांचे संस्कार त्याच्या पुढील आयुष्यावर कायमचे उमटले. थोडक्या लोखंडात मोठा भार कसा पेलावा, हे पुलाने शिकविले. आणि अनावश्यक वजनाचा तोळासुद्धा किती महाग पडतो, हे विमानाने शिकविले.

शिकत असताना हा तरुण एका मित्रासह जुन्या मोटारी घेऊन विकण्याचा जोडधंदा करी. महायुद्ध संपले होते, नव्या मोटारी मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्यास गिऱ्हाईक बरे होते. परंतु १९४७ साली ब्रिटिश सरकारने खाजगी मोटारींस मिळणारे पेट्रोलचे नित्याचे रेशन बंद केले, आणि धंदा एका झटक्यात बसला. बाकीच्या गाड्या कशाबशा खपल्या. एक ऑस्टिन सेव्हन मात्र कोणी घेईना. दुसरा असता तर कपाळास हात लावून बसला असता. चॅपमनने त्या न खपलेल्या गाडीचाच आपल्या विद्येची पाटी म्हणून उपयोग केला. हेझल विल्यम्स नावाच्या मुलीशी त्याचा स्नेह होता. तिच्या आईबापांच्या गॅरेजात त्याने गाडी नेली आणि तिचा सांगाडा उतरवून ठेवला.

ही ऑस्टिन सेव्हन म्हणजे १९२२ पासून निघालेली इंग्लंडातील सामान्य माणसाची मोटार. तिचे एंजिन ७४७ घनसेंटिमीटरचे, आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर सुमारे ४० इंच, म्हणजे साडेतीन फुटांहूनही कमी. वर मात्र उभट सांगाडा. कडब्याची गाडीच ती! शिवाय पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आखास जोडलेली. त्यामुळे एक चाक दगडावर चढले की दुसरेही वाकडे होई. मागे पाट्यांच्या कमानी अशा रीतीने बसविलेल्या होत्या की, गाडी कलली म्हणजे एका बाजूची कमान दबून व दुसऱ्या बाजूची उचलून मागचा आख स्वतःच किंचित वळे. चालविणाऱ्याने चक्र स्थिर धरले असले तरी गाडी आपल्या मनाने दिशा बदली. अशा गाडीने शर्यतीत भाग घेणे म्हणजे अडेल तट्टावर बसून नेमबाजी करण्यासारखेच होते.

अशा गाडीस कलापासून सोडविण्याचे उपाय मुख्यतः चार आहेत. पहिला, ओझे खाली आणणे. दुसरा, चाकांमधील अंतर वाढविणे. तिसरा, स्प्रिंगा कडक करणे. चौथा, डाव्या व उजव्या चाकांच्या जोडण्या एका पोलादी कांबीने एकमेकींस बांधणे, म्हणजे एक बाजू दबू लागली की कांबीस पीळ पडतो आणि ती त्या दबण्यास विरोध करते. हिलाच अँटी-रोल बार म्हणतात. ह्या चारांतील एक भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. स्प्रिंग कडक केल्याने किंवा कांब बसविल्याने सांगाडा झुकायचा बराचसा थांबतो खरा. परंतु वळणावर आतील चाकावरून बाहेरील चाकावर जो भार जातो, तो जवळजवळ तितकाच जातो. तो खरोखर कमी करावयाचा तर वजन उतरविणे, ते खाली आणणे, अथवा पाया रुंद करणे, ह्यांवाचून गत्यंतर नाही. पहिले दोन उपाय रोगावर चालतात, पुढचे दोन बहुतांशी लक्षणावर.

चॅपमनने आरंभ केला तो वजनापासून. जुना उभट सांगाडा टाकून त्याने प्लायवुडावर अॅल्युमिनियमचा पत्रा चढविलेला हलका, बुटका व ताठ सांगाडा स्वतःच्या हातांनी बांधला. १९४८ साली ही गाडी लोटस ह्या नावाने नोंदली गेली. हे नाव त्याने का निवडले, हे त्याने कोणास निश्चितपणे सांगितले नाही. पुढच्या गाडीत त्याने पुढचा अखंड आख मधोमध कापला आणि दोन्ही अर्धे मध्यभागी बिजागरीसारखे जोडले. आता प्रत्येक चाक आपापल्या खाचखळग्यास आपापले उत्तर देऊ लागले. ह्या योजनेने वळणावरील कलही कमी होतो. कारण सांगाडा ज्या बिंदूभोवती झुकतो तो बिंदू वर जातो, आणि ओझे व तो बिंदू ह्यांतील अंतर घटते. काम जवळजवळ बिनखर्चाचे होते. आख जुनाच, फक्त करवतीचे व जोडकामाचे कष्ट. १९५० साली सिल्व्हरस्टोन येथील शर्यतीत ह्या घरगुती गाडीने एका बुगाटीस मागे टाकले, तेव्हा पाहणारे चकित झाले.

तथापि कापलेल्या आखात एक उणीव होती. चाक वरखाली होताना उभे न राहता तिरपे होई. चॅपमनने ही उणीव ओळखली, आणि पुढे १९५७ च्या सुमारास अधिक चांगली जोडणी साधताच आपली ती जुनी युक्ती सोडून दिली. स्वतःच्या युक्तीवर प्रेम न करता तिच्या परिणामाकडे पाहणे, हा गुण आम्हांस त्याच्या पहिल्या यशाहून मोलाचा वाटतो.

मध्यंतरी पदवी, हवाई दलातील अल्पकाळची नोकरी आणि एका अॅल्युमिनियम कंपनीतील चाकरी झाली. दिवसा चाकरी आणि रात्री मोटार, असा क्रम होता. १९५२ च्या आरंभी बापाच्या उपाहारगृहामागील जुन्या तबेल्यात त्याने लोटस कंपनी उघडली. भांडवल काय, तर हेझलने दिलेले २५ पौंड. १९५४ साली तो तिच्याशी विवाहबद्ध झाला. त्याच्या गाड्या सुट्या भागांच्या रूपाने विकल्या जात. गिऱ्हाईक त्या आपल्या घरी जोडून घेई. अशा रीतीने शेकडो तरुण स्वतःच्या हातांनी मोटार बांधावयास शिकले.

त्याची कीर्ती लौकरच इतकी पसरली की, १९५६ साली व्हॅनवॉल ह्या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा आखण्याचे काम त्याजकडे आले. १९५८ साली त्याचा स्वतःचा संघ जगज्जेतेपदाच्या शर्यतींत उतरला. ह्या वर्षांत त्याची जी कल्पना पक्की झाली, ती वरवर पाहता उलटी वाटते. सामान्य कारागीर कल घालविण्यासाठी स्प्रिंगा दगडासारख्या कडक करीत. चॅपमनचे म्हणणे असे की, आधी चासी ताठ करा आणि मग स्प्रिंगा मऊ ठेवा. चासीच पिळवटत असेल तर चाके कोणत्या कोनात उभी राहतील ह्याचा भरवसा नाही; चासी ताठ असेल तर मऊ स्प्रिंगही चाकास रस्त्यावर टेकवून धरते. १९६२ साली निघालेली त्याची एलान नावाची छोटी मोटार ह्याच तत्त्वावर होती. तिचे वजन सुमारे ७०० किलोग्रॅम, पाठीच्या कण्यासारखी मधोमध जाणारी पोलादी चासी, आणि मऊ स्प्रिंगा. वळणावर ती किंचित कले, परंतु रस्ता सोडीत नसे. आजही जाणकार तिचे नाव आदराने घेतात. त्याच वर्षीच्या पंचवीस क्रमांकाच्या शर्यती गाडीत त्याने नळ्यांची चौकट काढून पत्र्याची पेटीच चासी म्हणून वापरली, आणि चालक जवळजवळ निजलेल्या स्थितीत बसविला. ओझे आणखी खाली आले.

येथे आम्ही थोडे थांबून व्यवहाराची एक गोष्ट सांगतो. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी जुनी मोटार असेल, आणि ती वळणावर फार झुकते म्हणून घरातील उत्साही तरुण तिच्या स्प्रिंगा बदलू पाहत असेल, तर त्याने चॅपमनचा क्रम विसरू नये. आधी टायर व त्यांतील हवा पाहावी. मग झिजलेले रबरी बुश बदलावेत. जुन्या गाडीचा अर्धा झोल पुष्कळदा तेथेच असतो. त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बर. ते सांगाड्याचे झुलणे आवरतात, पण थिजलेल्या वयाचे झाले म्हणजे नुसते नावापुरते उरतात. त्यापुढे अँटी-रोल बार, आणि अगदी शेवटी, गरजेपुरत्याच कडक व बेताच्या बुटक्या स्प्रिंगा. स्प्रिंग कापून गाडी खाली आणणे हा तर निव्वळ अविचार होय. गाडी खड्ड्यात आपटते आणि चाक रस्ता सोडते. पुढची बाजू प्रमाणाबाहेर कडक केली तर गाडी वळावयास नाकारते व सरळ धावू पाहते. मागची बाजू तशी केली तर शेपूट फिरते. दोन्ही टोकांत मेळ हवा. आमच्या खडबडीत रस्त्यांवर तर थोडा कल पत्करावा, पण चाक जमिनीस टेकलेले असू द्यावे.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. जिम क्लार्क ह्या स्कॉटिश शेतकऱ्याने लोटस गाडीतून १९६३ व १९६५ साली जगज्जेतेपद मिळविले, आणि १९६५ सालीच अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली. चॅपमनच्या हयातीत त्याच्या चालकांनी सहा वेळा आणि त्याच्या कारखान्याने सात वेळा जगज्जेतेपद पटकावले. १९६६ साली कारखाना नॉरफोक परगण्यातील हेथेल येथे, युद्धकाळच्या एका विमानतळाच्या जागी, मोठ्या इमारतीत गेला. १९७० साली त्याने बहात्तर क्रमांकाची गाडी काढली. थांबताना गाडीचे नाक दबू नये व वेग घेताना शेपूट बसू नये म्हणून तिच्या सस्पेन्शनची रचना फार चातुर्याने केली होती. परंतु त्यामुळे चालकास चाकाखालचा रस्ताच कळेनासा झाला. चॅपमनने ते चातुर्य काढून टाकविले, आणि तीच गाडी पुढे अनेक वर्षे शर्यती जिंकीत राहिली.

येथवरची हकीकत वाचून कोणासही वाटेल की, हा मनुष्य कधी चुकलाच नाही. सत्य तसे नाही. हलकेपणाचा ध्यास जेथे योग्य मर्यादा ओलांडतो, तेथे त्याचे मोल दुसऱ्याच्या प्राणाने द्यावे लागते. १९६९ साली स्पेनमधील बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांवरील उंच पंख मोडले, आणि ग्रॅहॅम हिल व योखेन रिंट हे दोघेही चालक भयंकर अपघातांतून थोडक्यात वाचले. त्यानंतर रिंटने चॅपमनला पत्र लिहून कळविले की, थोडे वजन वाढले तरी चालेल, पण कमकुवत भाग बळकट करावेत. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, इटलीत मोंझा येथे सरावाच्या वेळी रिंटच्या गाडीचा पुढचा ब्रेकचा दांडा तुटला आणि तो तरुण मरण पावला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. क्लार्क तर त्याआधीच, ७ एप्रिल १९६८ रोजी, जर्मनीत हॉकनहाइम येथे लोटस गाडीतच गेला होता. तो अपघात टायरातील हवा गेल्याने झाला असावा, असे बहुतेकांचे मत आहे. क्लार्क हा चॅपमनचा जिवलग स्नेही होता. त्या मृत्यूने तो खचला, तरी शर्यती थांबल्या नाहीत. प्रत्येक अपघाताचा दोष एका माणसाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्याच्या हाती आराखडा असतो त्याच्या हाती दुसऱ्याचा जीवही असतो, हे यंत्रविद्या शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावे.

१९७८ साली त्याच्या एकोणऐंशी क्रमांकाच्या गाडीने पुन्हा जग जिंकले. तिच्या खालून वाहणारी हवा गाडीस जमिनीकडे ओढून धरी. ह्या ओढीने नवाच पेच निर्माण केला. गाडी किंचितही कलली वा वरखाली झाली तर ती ओढ बिघडे. म्हणून स्प्रिंगा पुन्हा दगडासारख्या कडक कराव्या लागल्या, आणि चालकांची हाडे खिळखिळी होऊ लागली. ज्याने आयुष्यभर मऊ स्प्रिंगांचा पुरस्कार केला, त्याच्याच शोधाने तिचा बळी घेतला! त्यावर त्याने एकात एक अशा दोन चाशींची गाडी बांधली; बाहेरची हवेचा भार घेईल, आतली चालकास सुखाने नेईल. १९८१ साली शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी ती नियमबाह्य ठरविली. मग त्याने आपल्या माणसांना वेगळ्याच दिशेने लाविले. स्प्रिंगेच्या जागी तेलाच्या दाबाने चालणारे दट्टे, आणि त्यांस क्षणोक्षणी हुकूम देणारा संगणक. गाडी कलावी की नाही, हे आता यंत्रच ठरवणार होते.

ह्याच सुमारास दुसरे एक प्रकरण शिजत होते. उत्तर आयर्लंडात ब्रिटिश सरकारच्या पैशाने उभारलेल्या डिलोरियन मोटार कारखान्याचे काम लोटसने घेतले होते. त्या व्यवहारातील एक कोटीहून अधिक डॉलर योग्य ठिकाणी न पोहोचता वाटेतच गडप झाले. चॅपमनच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९९२ साली, त्याच्या कंपनीच्या हिशेबनिसास ह्याबद्दल शिक्षा झाली, आणि चॅपमन जिवंत असता तर त्यास त्याहून कितीतरी मोठी शिक्षा झाली असती, असे न्यायाधीशांनी बोलून दाखविले. न्यायालयापुढे उभे राहण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने त्याचा अंत झाला. योगायोग असा की, संगणकाने चालणाऱ्या सस्पेन्शनच्या शर्यती गाडीची चाचणी इंग्लंडातील स्नेटर्टन येथे त्याच दिवशी चालू होती. १९८७ साली आयर्टन सेना ह्या ब्राझीलच्या चालकाने त्या योजनेच्या लोटसमधून मोनॅको व डेट्रॉइट येथील शर्यती जिंकल्या. ते पाहावयास योजक हयात नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रातून काय घ्यावे आणि काय टाकावे, ह्याचा निवाडा आम्ही तुमच्यावर सोपवितो. आमचे मत इतकेच आहे. न खपलेली मोटार, उसन्या जागेतील गॅरेज आणि २५ पौंड, एवढ्या सामग्रीवर ज्याने विद्येचे मंदिर उभारले, त्याचा उद्योग सर्वथा घेण्याजोगा आहे. आमच्या जिल्ह्यातील मुलांपाशी साधने थोडी असतात, म्हणून त्यांनी हिरमुसले होऊ नये. ज्यास गाडीचा कल कोठून येतो हे समजले, त्यास करवत आणि जुना आखही पुरतो. मात्र गाडीच्या तोलाचा जो नियम त्याने शोधला तोच माणसासही लागू आहे. वेग वाढेल तसे ओझे खाली असावे, पाया रुंद असावा, आणि ज्यावर इतरांचा जीव विसंबतो तो दांडा कधीही बारीक करू नये. पुढच्या वेळी घाटाच्या वळणावर अंग एका बाजूस गेले, म्हणजे खिडकीची कांब घट्ट धरा आणि हा नियम आठवा.